हौसनगरच्या अन्नगंड्याची हकीकत

श्री. ज्याचे उदर मोठे आणि मन त्याहून मोठे त्या गजाननास नमन, आणि जिच्या हातची पळी रिती होत नाही त्या अन्नपूर्णेस नमन. श्रोत्यांनी दोन घास खाऊन मग ऐकण्यास बसावे, कारण ही हकीकत जेवणाची असली तरी उपाशीपोटी सोसवणारी नव्हे. शके सतराशे चौदा, परिधावी नाम संवत्सरे, कार्तिक मासी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे, पदरचे मीठ घातले असल्यास चवीपुरते. राज्याचे नांव लिहीत नाही. नांव लिहिल्याने वंशज भांडावयास येतात, आणि न लिहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

त्या राज्यी श्रीमंत भुजंगराव सरकार गादीवर होते. तलवार बरी, न्याय बरा, परंतु मोठी कीर्ती जेवणाची. पूर्वी एकदा शेजारच्या राज्याशी सरहद्दीच्या तालुक्याचा कज्जा पडला, आणि बोलणे लावण्यास त्यांचा वकील आला, मग त्यास पंगतीस बसविले, आणि वकील पाहतो तो सरकार पुरणपोळ्या घेतात, त्यावर तूप घेतात, मग पुन्हा पहिल्यापासून भात मागवितात, आणि वाढपी दमले तरी सरकार दमत नाहीत. वकिलाने घरी जाऊन आपल्या धन्यास सांगितले की, "जेथला धनी इतके जेवतो तेथले कोठार केवढे असेल? यांस वेढा घालून उपाशी मारणे आपल्याच्याने व्हावयाचे नाही." आणि तालुका न लढता सुटला. तेव्हापासून सरकारांचे जेवण म्हणजे राज्याचा एक किल्लाच, ऐसे लोक समजू लागले आणि सरकारही समजू लागले. सरकारांचा एक पुत्र होता तो मोहिमेत पडला, सून बाळंतरोगाने गेली, आणि मागे एक नात राहिली, ठकूताई, वय आठ वर्षांचे. सरकारांच्या राणी वेणूबाईसाहेब. त्यांनीच ठकूताईस वाढविले. आणि सरकारांचा चुलतभाऊ उदाजीराव, धाकट्या पातीचा, तो सहा कोसांवर आपल्या गढीत गादीकडे डोळे लावून बसलेला होता, मांजर शिंक्याकडे बघत बसते तैसा.

त्या साली श्रावणात सरकारांच्या गळ्याखाली गाठ धरिली. आधी भाकरी अडली, मग भात अडला, आणि वैद्यराज येऊन नाडी पाहून म्हणाले की पेज उतरेल, ताक उतरेल, पुढे तेही उतरणार नाही. सरकारांनी वैद्यास वस्त्रे दिली आणि तोंड बंद ठेवण्याची ताकीद देऊन त्याच्या गावी रवाना केले, आणि मग बाईसाहेबांस जवळ बसवून बोलिले, "माझे जेवण गेले हे बाहेर फुटले तर उदाजी दुसरे दिवशी समाचारास येईल, आणि येताना घोडी घेऊन येईल. अक्षय तृतीयेस चांगला मुलगा पाहून दत्तक घेतो, ठकूचे काय ते ठरवितो, मग मेलो तरी चिंता नाही. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणास सांगणार नाही म्हणून शपथ घ्या." आणि बाईसाहेबांनी बेलभंडारा उचलिला.

आता झाकावे कैसे? तर त्या घराण्यात चाल ऐसी की नवऱ्याने जेवून उठावे आणि त्याच ताटात मग बायकोने बसावे. सरकारांनी कुलस्वामीचा नवस म्हणून वाड्यातली बाहेरची पंगत सोडिली, आणि आत पडद्यामागे ताट मागवू लागले. ताट पूर्वीसारखेच रचून येई, आणि सरकार घास बोटांत फिरवीत, वाटीभर पेज पीत आणि उठत, मग बाईसाहेब त्या ताटावर बसत आणि सारे संपवीत. मूळच्या त्या बेताने खाणाऱ्या. पहिले काही दिवस जेवण होताच परसात जाऊन ओकत, मग शरीरास सवय झाली आणि तेही थांबले. ताट मुदपाकखान्यात चाटूनपुसून गेल्यासारखे परत येई आणि आचारी संतोष पावत. परंतु देह लबाडी करीत नाही. सरकार दिवसेंदिवस वाळले, आणि बाईसाहेब अंगाने भरत गेल्या. मग एका दासीने पडद्याच्या फटीतून पाहिले की सरकार लगेच उठतात आणि बाईसाहेब घटकाभर जेवीत बसतात, आणि तिने बाहेर येऊन सांगितले की बाईसाहेब सरकारांस पोटभर जेवूही देत नाहीत. झाले. "राजा वाळे, राणी फुगे" ऐसे पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, आणि ते फिरून बाईसाहेबांच्या कानी आले. प्रथम अंगाची आग जाहली. मग विचार केला की, लोक मला खादाड म्हणतात तोवर सरकारांस आजारी म्हणत नाहीत. ही निंदा आहे तीच आपली तटबंदी, ती ढासळू देऊ नये. आणि त्या दिवसापासून बाईसाहेब चारचौघांदेखत लाडू मागून खाऊ लागल्या. या लिहिणाऱ्याने पुष्कळ शूरांच्या हकीकती लिहिल्या, परंतु असा पराक्रम दुसरा लिहिला नाही.

मग दिवाळीत ठकूताईने हट्ट घेतला की हौसनगर पाहावयाचे. हे हौसनगर समुद्रकाठी एका धनवान शेठाने तट बांधून वसविलेले. तेथे कोणी राहत नाही, काही पिकत नाही, केवळ मौज. आकाशास टेकणारे रहाटपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, भूतमहाल, अस्वलामाकडांची सोंगे घेऊन हिंडणारी माणसे. लोक दूरदुरून येतात, उन्हात रांगेत ताटकळतात, पाळणा दोन गिरक्या घेतो की उतरतात, आणि लगेच दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहतात. लढाईत शिपायास इतके उभे केले तर बंड होईल. दुसरा कोणी असता तर नातीस "पुढल्या वर्षी" म्हणता. पुढल्या वर्षी म्हणण्यासारखे सरकारांपाशी काही उरले नव्हते, सबब लगेच हो म्हणाले, आणि हौसनगरचा गुमास्ता हुजूर बोलाविला.

गुमास्ता गोडबोल्या. त्याने सांगितले की हौसनगरात घरची शिदोरी नेण्याची मनाई, वेशीवर झडती होते, सबब जेवणाची तजवीज आधी करावी हे उत्तम. आगाऊ ऐवज भरला की मनगटास रेशमी अन्नगंडा बांधिती आणि गाठीवर लाख लाविती. मग तो दाखवावा आणि जेवावे, खिशात हात घालावयास नको. तांबडा गंडा घेतल्यास तिन्ही त्रिकाळ पाट मांडून जेवण, आणि एके दिवशी सोंगांसमवेत राजभोजन. पिवळा घेतल्यास उभ्याउभ्या भजी आणि चिवडा. दोहोंसोबत एक पितळी लोटा मिळे, तो हौसनगरात कोठेही नेऊन पाहिजे तितक्या वेळा ताकाने भरून घ्यावा. ज्यास गंडा नको त्याने भूक लागेल तेव्हा रोख देऊन सुटे खावे. अटी ऐशा की, एका बिऱ्हाडातील सर्वांनी गंडा घ्यावा किंवा कोणीच घेऊ नये. न खाल्लेले बुडाले. आणि एकाच्या गंड्यावर दुसऱ्याने जेवू नये, जेवताना सापडल्यास साऱ्या बिऱ्हाडाचे गंडे कापावे.

यावर मसलत बसली. राज्याच्या सीमेबद्दल इतकी चर्चा कधी जाहली नसेल. कारभारी शामजीपंत, सचोटीचे, सरकारांवर जीव टाकणारे, ते उठून म्हणाले, "सरकारांचा आहार मुलखास ठाऊक. सुटे घेतले तर जागोजाग हिशेब आणि घासाघीस. तांबडा गंडा घ्यावा, सरकार तिन्ही त्रिकाळ जेवतील आणि शेठजी कपाळावर हात मारील." सगळ्यांनी माना डोलाविल्या. तेव्हा चिकाच्या पडद्याआडून बाईसाहेब बोलिल्या, "पंत, ठकू चिमणीएवढे खाते. कारल्याचे नांव काढिले तरी पाट सोडून उठते. प्रवासात मोठ्यांचेही पोट जागेवर राहत नाही. पाळण्यात बसावे, रांगेत उभे राहावे की दर प्रहरास पानावर हजेरी द्यावी? भूक लागेल तेव्हा सुटे घ्यावे. आगाऊ भरलेल्या जेवणास माणूस बांधला जातो." बोलणे शहाणपणाचे होते. परंतु बोलणारी कोण, हे पाहून सभेत मिशांआड हसणे जाहले, आणि पंत मान खाली घालून म्हणाले, "बाईसाहेबांची क्षमा मागून बोलतो. सुट्या जेवणात ताट मधोमध येते, आणि ज्याचा हात लांब त्याचे ते होते. तांबड्या गंड्यात ज्याचे त्याचे पान, कोणी कोणाच्या पानात हात घालावयाचा नाही. एक आठवडा तरी आमचे सरकार पोटभर जेवोत. आम्हा चाकरांस ते वाळलेले पाहवत नाही." आणि पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. पडद्याआडून बाईसाहेब यावर काय बोलतील? खरे बोलावे तर बेलभंडारा आडवा. तेव्हा सरकार मोठ्याने हसले, हसताना ठसका आला तो शेल्यात दाबला, आणि आज्ञा जाहली की, "तांबडाच घ्या. शेठजीस पश्चात्ताप करावयास लावितो." सभेने वाहवा केली.

मग सभा उठल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "इकडून हो कशाला म्हणणे झाले?" सरकार म्हणाले, "नको म्हणालो असतो तर सगळे विचारते की भुजंगराव जेवणास नको कधीपासून म्हणू लागले. आयुष्यभर चणे मागितले, आता चणे आले तर दात नाहीत. तुम्ही सांभाळून घ्या." आणि बाईसाहेबांनी मनाशी ठरविले की घरी सांभाळिले तसे तेथेही सांभाळू. एकाच्या गंड्यावर दुसऱ्याने जेवू नये ही अट त्यांनीही ऐकिली होती, कान देऊन ऐकिली होती. परंतु नवऱ्याचे ताट हे दुसऱ्याचे ताट, हे त्यांच्या स्वप्नीही आले नाही. लग्नाच्या दिवसापासून ज्या ताटात बसलो ते परक्याचे कैसे? ही चूक. त्या घरात नांदावयास आलेली कोणतीही बाई हीच चूक करिती.

मग सुमुहूर्त पाहून स्वारी निघाली. पालख्या, थोडे स्वार, सोबत शामजीपंत. हौसनगरच्या वेशीवर झडती जाहली, ठकूताईच्या फडक्यातले बेसनाचे लाडूदेखील काढून ठेविले, आणि गुमास्ता एकेकाच्या मनगटास गंडा बांधू लागला. सरकारांच्या मनगटास तो सैल झाला. गुमास्त्याने दुसरा वेढा दिला तेव्हा कोठे बसला. पंतांनी ते पाहिले, मग बाईसाहेबांच्या मनगटाकडे पाहिले, तेथे गंडा मांसात रुतला होता, आणि पंतांनी तोंड फिरविले. मग तेच पंत पंगतीच्या जमादारास बाजूस घेऊन म्हणाले, "आमच्या धन्याचे पान कोणी ओढू नये, एवढे पाहा. मेहेरबानी होईल." भले करावयास निघालेला माणूस किती घात करितो, त्याची गणती शत्रूंसही होत नाही.

पहिले काही दिवस निभले. जेवणाच्या ओसऱ्यांवर गर्दी फार, कोणाचे लक्ष कोणाकडे नाही, आणि बाईसाहेब आपले पान संपवून सरकारांचे पान हळूच ओढीत. घरी एकच ताट होते, येथे दोन झाली. दुसरे ताट खाताना कपाळास घाम फुटे, बांगड्या हातात चढत नाहीत ऐशी बोटे सुजली, तरी खाल्ले. ठकूताई समोर बसून हे पाही, आणि दासींकडून ऐकिलेले तिच्या मनात होतेच. पोर आजीकडे पाहीनाशी झाली, रात्री कथा मागेनाशी झाली, आणि रांगेत उभी राहताना आजीचा हात सोडून आजोबांचा शेला धरू लागली. बाईसाहेबांस हे कळत होते. दोन ताटांचे ओझे त्यांनी सोसले, हे सोसताना मात्र फार जड गेले. सरकार लोट्यातून ताक पीत हिंडत. रहाटपाळण्यात नातीसोबत बसले, पाळणा वर गेला, खाली समुद्र दिसला, आणि ठकूताई म्हणाली, "आबासाहेब, पाळणा माझ्या बाजूला कलतो." सरकार म्हणाले, "तू मोठी झालीस."

मग राजभोजनाचा दिवस आला. मोठा दिवाणखाना, हंड्या, आरसे, परगण्या परगण्यांची मंडळी पाटांवर, आणि मधून सोंगे नाचताहेत. पंत पलीकडल्या पंगतीत बसले होते, आणि पंगतीचा जमादार हाती काठी घेऊन फिरत होता. पाने वाढिली, सागुती आली, पुऱ्या आल्या, श्रीखंड आले. तेव्हा अस्वलाचे सोंग ठुमकत सरकारांपुढे आले आणि हात जोडून खुणेने म्हणू लागले की एक घास घ्या. ठकूताई टाळ्या पिटू लागली, "खा ना आबासाहेब! अस्वल सांगते, खा ना!" सरकारांनी नातीचे तोंड पाहिले. पोरीस नाही म्हणवेना. श्रीखंड मऊ, उतरेल ऐसे वाटून पुरीच्या तुकड्यास लावून घास घेतला, आणि तो गळ्याशी जाऊन बसला. खाली जाईना, वर येईना. डोळे तांबडे झाले, कपाळाची शीर उभी राहिली, आणि सरकारांनी शेला तोंडाशी धरिला. बाईसाहेबांनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेविला, आणि आता सगळ्यांची दृष्टी इकडे वळणार हे ओळखून दुसऱ्या हाताने सरकारांचे पान खसकन आपल्यापुढे ओढिले आणि दोन्ही गाल भरून खाऊ लागल्या. लोकांनी पाहावयाचेच तर मला पाहावे, त्यांस पाहू नये, ऐसा तो डाव.

डाव साधला, फारच साधला. जमादार काठी आपटीत आला आणि म्हणाला, "बाईसाहेब, हात थांबवा. हे पान आपल्या गंड्याचे नव्हे." बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्या धन्याचे पान आहे. नवऱ्याचे ताट दुसऱ्याचे कधीपासून झाले?" जमादार म्हणाला, "आपल्या घरी नसेल. येथे ज्याच्या मनगटी गंडा त्याचे ताट. कायदा शेठजींचा, मी चाकर." शेजारच्या पंगती थबकल्या. कोणी हसले. कोणी आपल्या बायकोस कोपर मारून दाखविले. शेल्याआड सरकारांचा श्वास घरघरत होता, तो कोणाच्या कानी जाऊ नये म्हणून बाईसाहेब मोठ्याने म्हणाल्या, "भूक आवरली नाही, भाऊ. मला मेलीला खाण्याचे भान राहत नाही. चूक झाली." जन्मात ज्या बाईने दरबारात मान वाकविली नव्हती ती हे भर पंगतीत बोलिली. आणि तेव्हा ठकूताई उभी राहिली, रडून लाल झालेली, आणि म्हणाली, "आजीसाहेब रोजच खातात! आबासाहेबांस काही म्हणून ठेवीत नाहीत! म्हणून ते असे वाळले. मला त्यांच्याजवळ बसावयाचे नाही." बाईसाहेबांचा हात पानातच राहिला. तोंडातला घास गिळवेना, आणि टाकवेना.

तो इतक्यात सरकारांच्या गळ्यातला घास सुटून शेल्यात आला. सरकारांनी लोट्यातल्या ताकाने तोंड खंगाळिले, आणि बसक्या आवाजाने म्हणाले, "ठकू, इकडे ये. बैस. पंत, तुम्हीही या, आणि सगळ्यांनी ऐका. मला घास उतरत नाही. श्रावणापासून उतरत नाही. गळ्यात गाठ आहे आणि ती मला घेऊन जाणार आहे. तुझ्या आजीसाहेबांनी माझा घास कधी हिरावला नाही, बाळ. जे मला खाववेना ते त्यांनी खाल्ले. भूक नसताना खाल्ले, ओकून खाल्ले, तुमची बोलणी सोबत तोंडी लावून खाल्ले, म्हणून तुम्ही मला आजवर जेवणारा समजत होता." अस्वलाने मुखवटा काढिला, आत एक घामेजलेला पिकल्या केसांचा माणूस होता, तो हात जोडून उभा राहिला. शामजीपंतांनी बाईसाहेबांच्या पाटाशी डोके टेकिले. बाईसाहेब मात्र कोणाकडे पाहत नव्हत्या, त्या सरकारांस म्हणाल्या, "शपथ मोडली इकडून. आता ठकूचे कैसे होईल?" सरकार म्हणाले, "शपथ तुमची होती. मी बेलभंडारा उचलिला नव्हता. दौलत जावयाची तर जावो, पोरीने तुम्हास तसे म्हणावे आणि मी ऐकत बसावे, एवढे मोठे राज्य माझे नव्हे." जमादाराने मान खाली घातली, पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि मग कात्री आणून चौघांचे गंडे कापिले, कारण कायदा तो कायदा. भरलेला ऐवज परत मिळाला नाही.

पुढे काय व्हावयाचे ते झाले. पालख्या घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली, आणि सरहद्दीवर उदाजीराव समाचारास उभे, डोळ्यांस उपरणे आणि मागे घोडी. बंदोबस्तासाठी म्हणून त्यांनी दरवाजावर आपली माणसे बसविली, ती उठली नाहीत. दत्तकाचे बोलणे कोणी काढिले की उदाजीराव म्हणत, दादांस आधी बरे तर वाटू दे. सरकार हौसनगरच्या लोट्याने ताक पीत राहिले, आणि पौषात तेही उतरेनासे झाले, आणि संक्रांतीच्या आधी सरकारांनी देह ठेविला. आगाऊ भरले त्यापैकी तो लोटा तेवढा वसूल झाला. उदाजीराव गादीवर बसले. बाईसाहेबांस आणि ठकूताईस मागल्या अंगणाकडील दोन खोल्या आणि नेमणूक मिळाली, आणि वर ताकीद की म्हातारीच्याने स्वतःस सांभाळणे होत नसेल तर पोर आमच्या जनान्यात आणावी, आम्ही स्थळ पाहून उजवून टाकू. शामजीपंत रजा घेऊन काशीस निघाले, तेव्हा दाराशी येऊन रडले. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, तुम्ही धन्याचे भले पाहिले. मीही तेच पाहिले. दोघांनी मिळून हे केले. जा, सुखाने जा."

आता बाईसाहेबांस स्वतःचे वेगळे ताट येऊ लागले. त्या ताटापुढे बसत, आणि पलीकडे बघत राहत, कोणी आधी जेवून उठेल म्हणून. घास हाती घेत आणि ठेवून देत. इतके दिवस भूक नसता खाल्ले, आता खावयास कारण उरले नाही. अंग उतरले, बांगड्या तर आधीच गेल्या होत्या. उदाजीरावांकडची एक दासी रोज ताट उचलावयास येई, आणि किती उरले ते पाहून जाऊन सांगे. एके दिवशी ताट तसेच्या तसे पडले होते, आणि दासीची पावले अंगणात वाजली. ठकूताई कोपऱ्यात बसली होती. ती उठली, आजीच्या पुढले ताट आपल्याकडे ओढिले, आणि भराभर खाऊ लागली. भात, आमटी, आणि कारल्याची भाजी, जिच्या नांवाने ही पोर पाटावरून उठत असे, ती सारी. ताट पुन्हा आजीपुढे सरकविले, तोंड परकराने पुसले, आणि जागेवर जाऊन बसली. दासीने रिते ताट पाहिले, उचलिले, आणि दारात उभी राहून दुसरीस म्हणाली, "म्हातारीचे जेवण अजून दांडगे आहे हो." दोघी हसत गेल्या. बाईसाहेबांनी नातीस जवळ ओढिले आणि म्हणाल्या, "कारले होते गं." ठकूताई म्हणाली, "होते. मला चालते." आणि दोघी पुष्कळ वेळ रडल्या. दुसरे दिवसापासून बाईसाहेब आपल्या हाताने जेवू लागल्या, एवढ्याशा पोरीस दोन माणसांचे खावे लागू नये म्हणून.

येणेप्रमाणे अन्नगंड्याचे वर्तमान. आगाऊ भोजन घ्यावे की न घ्यावे, ऐसे पुसणारे पुष्कळ भेटतात, त्यांस सारांश इतकाच की, ज्या घरी जो तो आपले आपण जेवतो त्या घराने गंडा सुखे घ्यावा, सोयीचा आहे. ज्या घरी एकाचे दुसरा जेवतो, त्यांनी घेऊ नये. लेखनसीमा.